घरी शिकलेला रवी

आपल्या सोसायटीत आज जी मुलं आठवी-नववीत आहेत, त्यांचा दिवस मोजायला घेतला तर घड्याळ पुरत नाही. पोहणं, तबला, बुद्धिबळ, क्रिकेटचं कोचिंग, शिवाय शाळा आणि शाळेनंतरचा क्लास. काही पालक तर आता उघड विचारू लागले आहेत, की मूल खेळात किंवा गाण्यात एवढं रमलंय तर शाळा सोडून घरीच अभ्यास करून घेतला तर काय बिघडलं? दहावीला बाहेरून बसता येतंच. यावर दुसऱ्या पालकांचं म्हणणं असं, की मुलगा दिवसभर बाहेर असणार, मग घरचा अभ्यास बसवायचा कधी आणि करून घ्यायचा कुणी?

हा प्रश्न वाटतो तेवढा नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या एका मोठ्या घराला तो पडला होता, आणि त्या घरातल्या मुलाचं नाव आपण सगळेच जाणतो. रवींद्रनाथ टागोर म्हटलं की पांढरी दाढी, लांब झगा, नोबेल पारितोषिक आणि आपलं राष्ट्रगीत आठवतं. या लेखात सांगायचे आहेत ते मात्र अकरा ते सतरा वर्षांचे रवींद्रनाथ. घरात त्यांना रवी म्हणत. आपणही रवीच म्हणू या.

पहाटेपासून रात्रीपर्यंत

रवीचा जन्म ७ मे १८६१ चा, कलकत्त्यातल्या जोडासाँको भागातल्या वाड्यात. वडील देवेंद्रनाथ हे ब्राह्मो समाजाचे पुढारी, लोक त्यांना महर्षी म्हणत. आई शारदादेवी. भावंडांत रवीचा नंबर चौदावा. एवढ्या मोठ्या खटल्यात लहान मुलं बहुतेक नोकरांच्याच ताब्यात. एक नोकर तर खडूने जमिनीवर रिंगण काढून रवीला आत बसवायचा आणि त्याबाहेर पाऊल टाकलंस तर बघ म्हणून दम द्यायचा. आपलं काम वाचावं, एवढाच त्याचा हेतू.

मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी मोठा भाऊ हेमेंद्रनाथ याने घेतली होती. त्याने जे वेळापत्रक आखलं ते आजच्या कुठल्याही हौशी पालकाला लाजवेल असं होतं. उजाडायच्या आत उठायचं आणि लंगोट लावून एका पहिलवानाशी कुस्ती खेळायची. अंगाच्या मातीवरच सदरा चढवायचा. वैद्यकीच्या एका विद्यार्थ्याकडून माणसाच्या हाडांची नावं पाठ करायची, त्यासाठी खोलीत खराखुरा सांगाडाच टांगलेला असे. मग नीलकमल मास्तर येत. ते साडेनऊपर्यंत गणित, भूमिती आणि बंगाली साहित्य शिकवत. त्यानंतर शाळा. शाळेतून आलं की जिम्नॅस्टिक्सचे मास्तर, ते गेले की चित्रकलेचे. दिवेलागणीला अघोरबाबू इंग्रजी शिकवायला हजर. रविवारी गाणं.

यातलं उरलं किती? इंग्रजीच्या तासाला रवी पेंगायचा. संध्याकाळी मुसळधार पाऊस लागला की तो गल्लीच्या तोंडाकडे डोळे लावून बसायचा, आज तरी मास्तर येणार नाहीत या आशेने. आणि नेमकी अघोरबाबूंची काळी छत्री वळणावर दिसायची. उलट रविवारी सीतानाथ दत्त नावाचे गृहस्थ येऊन विज्ञानाचे प्रयोग करून दाखवत. पाणी तापलं की खालचं पाणी वर कसं येतं, हे त्यांनी पाण्यात लाकडाचा भुसा टाकून दाखवलं. ते रवी म्हातारपणापर्यंत विसरला नाही. ज्या रविवारी ते येत नसत तो रविवार त्याला रविवारच वाटत नसे.

या वेळापत्रकातली एक गोष्ट मात्र मोलाची होती. हेमेंद्रनाथाचा आग्रह होता, की मुलांनी आधी सगळं मातृभाषेतून शिकायचं, इंग्रजी नंतर. त्या काळात कलकत्त्याच्या बड्या घरांत हे उलट्या गंगेसारखं होतं. पुढे आयुष्यभर रवींद्रनाथांनी या भावाचे उपकार मानले.

वडिलांबरोबरचे चार महिने

१८७३ च्या सुरुवातीला रवीची मुंज झाली. वय बारा पूर्ण व्हायचं होतं. डोक्याचा गोटा झालेला, आणि तसं शाळेत गेलं तर पोरं टपल्या मारणार ही धास्ती. तेवढ्यात वडिलांनी विचारलं, माझ्याबरोबर हिमालयात येतोस का? एरवी वडील बहुतेक प्रवासातच असत, मुलाशी त्यांचा फारसा संबंध यायचा नाही. रवीच्या आनंदाला पारावार राहिला नाही.

पहिला मुक्काम बोलपूरजवळच्या शांतिनिकेतनात झाला. तिथे तेव्हा उघडा माळ आणि थोडी झाडं, एवढंच होतं. रवी दिवसभर उंडारायचा. पावसाने कापलेल्या लाल मातीच्या घळींत शिरून रंगीबेरंगी खडे गोळा करायचा आणि सदऱ्याच्या ओच्यात भरून आणायचा. वडिलांनी ते खडे फेकून दिले नाहीत, कपडे मळवले म्हणून रागावलेही नाहीत. जवळच्या मातीच्या ढिगाला हे खडे लावून सजव, असं त्यांनी सुचवलं. एकदा रवीने घळीत पाण्याचा झरा शोधून काढला, तर वडिलांनी आपल्या आंघोळीचं आणि पिण्याचं पाणी तिथूनच आणवायला सुरुवात केली. पोराचं भटकणं त्यांच्या लेखी वाया गेलेला वेळ नव्हता.

त्याबरोबर त्यांनी रवीवर दोन जबाबदाऱ्या टाकल्या. थोडे पैसे त्याच्याकडे ठेवायला दिले आणि रोजचा हिशेब मागितला. एक दिवस तर शिल्लक असायला हवी त्यापेक्षा जास्तच निघाली, आणि वडिलांनी त्यावर विनोद केला. दुसरी जबाबदारी म्हणजे त्यांच्या भारी सोन्याच्या घड्याळाला रोज किल्ली देणं. रवीने इतक्या उत्साहाने किल्ली दिली की घड्याळ दुरुस्तीला कलकत्त्याला पाठवावं लागलं. पण जबाबदारी दिल्याबद्दल वडिलांना पस्तावा झाला नाही.

अमृतसरला महिनाभर राहून दोघे डलहौसीजवळच्या बक्रोटा टेकडीवर गेले. तिथला अभ्यास नीट पाहण्यासारखा आहे. अंधार असतानाच वडील उठवत आणि संस्कृतची रूपं पाठ करायला लावत. सूर्योदयाला दूध आणि प्रार्थना. मग दोघांनी फिरून यायचं. आल्यावर तासभर इंग्रजी. दहा वाजता बर्फासारख्या पाण्याने आंघोळ, त्यातून सुटका नाही. दुपारी जेवणानंतर पुन्हा पुस्तक उघडायचं, पण पहाटे मोडलेली झोप तेव्हा वसूल व्हायची. मुलगा डुलक्या घेतोय हे पाहून वडील त्याला सोडून देत. सुट्टी मिळाली की झोप कुठल्या कुठे पळायची, आणि रवी लोखंडी टोकाची काठी घेऊन एकटाच डोंगरात निघायचा. धोका आहे, जाऊ नकोस, असं वडील एकदाही म्हणाले नाहीत. रात्री आकाश निरभ्र असलं की ते तारे आणि ग्रह ओळखायला शिकवत. इंग्रजी पुस्तकातलं खगोलशास्त्र समजावून देत आणि रवीने ते आपल्या बंगालीत लिहून काढायचं.

म्हणजे शिस्त होती, कडकच होती. पण रात्रीपर्यंत ताणलेली नव्हती. मूल ताजं असतं ती वेळ अभ्यासाला ठेवली, बाकीचा दिवस त्याचा त्याला दिला, आणि बाहेर त्याने जे पाहिलं त्याचाही मान ठेवला. जोडासाँकोचे सगळे मास्तर मिळून जे करू शकले नव्हते, ते या काही महिन्यांत झालं.

शाळा सुटली ती कायमची

परत आल्यावर शाळा पूर्वीपेक्षाही नकोशी झाली. ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बेंगॉल अकॅडमी आणि सेंट झेवियर्स, अशा चार शाळा झाल्या, एकीतही रवी टिकला नाही. १८७५ च्या मार्चमध्ये आई गेली. रवी तेव्हा चौदाही पूर्ण नव्हता. आईविना पोरांना जवळ घेतलं ते ज्योतिरिंद्रनाथ या भावाच्या बायकोने, कादंबरीदेवीने. ती स्वतः रवीहून थोडीच मोठी. पुढे लवकरच शाळेत जाणं पार थांबलं. मोठ्या बहिणीने तर बोलून दाखवलं, की या पोराकडून फार आशा होत्या, त्या आता संपल्या.

आता घरच्या मास्तरांसमोर पेच होता. ज्ञानचंद्र भट्टाचार्य हे त्याला घरी शिकवायचे. शाळेच्या पुस्तकात हा मुलगा बांधून राहत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. तो काय करतो हे त्यांना दिसत होतं, वहीच्या वही कविता लिहितो. मग त्यांनी शाळेची पुस्तकं बाजूला ठेवली. संस्कृत शिकवायचं म्हणून कालिदासाचं कुमारसंभव घेतलं, आणि इंग्रजी शिकवायचं म्हणून शेक्सपिअरचं मॅकबेथ. रोज थोडा भाग आधी बंगालीतून समजावून सांगायचे, आणि मग रवीला खोलीत बंद करायचे. तेवढा भाग बंगाली पद्यात उतरवून झाला की दार उघडणार!

लाड म्हणावेत तर दाराला कडी होती. जाच म्हणावा तर आतलं काम मुलाच्या आवडीचं होतं. मास्तरांनी विषय मुलाकडून घेतला आणि रोजचं माप मात्र आपल्या हातात ठेवलं. अशा रीतीने अख्खं मॅकबेथ भाषांतरित झालं. संस्कृतचे रामसर्वस्व पंडित तर ते ऐकवायला रवीला थेट ईश्वरचंद्र विद्यासागरांकडे घेऊन गेले. पुस्तकांनी भरलेल्या त्या खोलीत पोराची छाती धडधडत होती. परीक्षेचा निकाल हवा होताच, तो असा लागला. त्या भाषांतराचा बराचसा भाग पुढे हरवला, पण त्यातून आलेलं इंग्रजी आणि छंदावरची पकड हरवली नाही.

घरातला कारखाना

रवीचे बाहेरचे उद्योग या काळात वाढतच गेले. १८७५ मध्ये हिंदू मेळ्यात त्याने स्वतःची देशभक्तीपर कविता म्हटली. ज्योतिदादा, म्हणजे ज्योतिरिंद्रनाथ, त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा. तो पियानोवर नवनव्या चाली बसवायचा आणि रवीने शेजारी बसून त्यावर शब्द रचायचे. जमीनदारीच्या गावी, शिलाईदहला, नेऊन त्याने रवीला घोड्यावर बसवलं, शिकारीलाही नेलं. दोघे एका गुप्त देशभक्त मंडळात होते. त्या मंडळाने स्वदेशी काड्यापेट्या आणि स्वदेशी कापड काढायचा घाट घातला. कापड म्हणून हाती आला तो एक पंचा, आणि मंडळातले एक पोक्त सदस्य तो डोक्याला बांधून नाचले. धंदा बुडाला, पण मोठ्या माणसांत बरोबरीने वावरण्याचं शिक्षण झालं.

१८७७ मध्ये या भावांनी भारती नावाचं मासिक काढलं आणि सोळा वर्षांच्या रवीला संपादनात घेतलं. इथे तो खरा तयार झाला. मासिक म्हटलं की दर महिन्याला मजकूर लागतोच. कविता, टीकालेख, कथा, जे लागेल ते लिहायचं. त्याने जुन्या वैष्णव कवींच्या धाटणीची पदं भानुसिंह या टोपणनावाने लिहिली आणि ती जुन्या कवीची आहेत अशी लोकांची समजूत करून दिली. पहिल्याच वर्षी मेघनादवध या गाजलेल्या महाकाव्यावर सडकून टीका लिहिली. मोठेपणी तिची त्यांना लाजच वाटली. पण कच्चं लिहून, छापून, मग आपलं आपल्याला कळून सुधारायची संधी किती मुलांना मिळते?

त्याच घरात त्याची थोरली बहीण स्वर्णकुमारीही लिहिती झाली. पुढे १८८४ पासून भारतीचं संपादन तिने सांभाळलं.

अहमदाबाद आणि आपली मुंबई

घरच्यांना तरी काळजी होतीच. कविता ठीक आहेत, पण पुढे काय? म्हणून बॅरिस्टर किंवा सनदी अधिकारी करायला रवीला विलायतेला पाठवायचं ठरलं. त्याची तयारी म्हणून १८७८ मध्ये तो सत्येंद्रनाथ या भावाकडे अहमदाबादला आला. सत्येंद्रनाथ म्हणजे आयसीएस झालेले पहिले हिंदी गृहस्थ. ते तिथे न्यायाधीश होते आणि साबरमतीकाठी शाहीबागेच्या जुन्या महालात राहत. भाऊ कोर्टात गेला की एवढ्या वाड्यात रवी एकटा. मास्तर नाही, वेळापत्रक नाही. होतं ते भावाचं ग्रंथालय. डिक्शनरी जवळ घेऊन, अर्ध्या शब्दांचे अर्थ अंदाजाने लावत तो इंग्रजी पुस्तकं वाचायचा, आणि वाचलेल्यावर भारतीसाठी बंगालीत लेख लिहून पाठवायचा. दान्ते, पेत्रार्क, गटे यांच्यावरचे ते लेख म्हणजे त्याच्या घरच्या अभ्यासाच्या वह्याच होत्या, फक्त त्या छापून येत. स्वतःच्या गाण्यांना स्वतः चाली लावायला त्याने इथेच सुरुवात केली.

इंग्रजी वाचता येत होतं, बोलता येत नव्हतं. त्यावर सत्येंद्रनाथांनी मुंबईतल्या स्नेह्यांचं घर शोधलं. हे घर डॉक्टर आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांचं. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला तो यांच्या पुढाकाराने, आणि मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे यांचे थोरले बंधू. डॉक्टरांची मुलगी अन्नपूर्णा नुकतीच इंग्लंडहून आली होती. काही आठवडे रवी त्या मराठी घरात राहिला आणि अन्नपूर्णेकडून इंग्रजी बोलणं आणि तिकडच्या रीतीभाती शिकला. पुस्तकी विद्येत तिच्यापुढे मिरवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं, म्हणून त्याने आपण कविता करतो हे सांगितलं. तिने त्या आवडीने ऐकल्या. त्याने तिला नलिनी हे नाव दिलं आणि ते कवितेत गुंफलं. सप्टेंबर १८७८ मध्ये रवी मुंबईहून विलायतेला निघाला. योगायोग असा, की त्या आगबोटीचं नाव होतं पूना.

किंमतही मोजावी लागली

इथवर वाचून कुणाला वाटेल, की शाळा सोडली की रवींद्रनाथ होता येतं. तसं नाही. ब्रायटनची शाळा आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले थोडे महिने, एवढं करून १८८० मध्ये ते कोणतीही पदवी न घेता परत आले. १८८१ मध्ये पुन्हा विलायतेला निघाले आणि मद्रासहूनच मागे फिरले. घरची जमीनदारी होती म्हणून हे निभावलं, नोकरी शोधायची वेळ आली असती तर कागद कुठला दाखवणार होते? शिवाय त्याच वाड्यात, त्याच मास्तरांकडे रवीबरोबर आणखी दोन मुलं शिकत होती, भाऊ सोमेंद्रनाथ आणि भाचा सत्यप्रसाद. वेळापत्रक तेच, पण त्यांची आयुष्यं वेगळ्या वाटेने गेली. घर कितीही मोठं असलं तरी प्रत्येक मुलाकडे वेगळं बघावं लागतं.

स्वतःची मुलं शिकवायची वेळ आली तेव्हा रवींद्रनाथांनी या अनुभवाचा उपयोग केला. शिलाईदहला पद्मा नदीकाठी राहत असताना त्यांनी मुलांना घरीच शिकवलं. इंग्रजीला लॉरेन्स नावाचा इंग्रज शिक्षक होता, त्याला रेशमाचे किडे पाळायचं वेड! मोठा मुलगा रथींद्रनाथ पोहायचा, होडी वल्हवायचा, आणि पाहुणे आलेल्या जगदीशचंद्र बोसांबरोबर वाळूत कासवाची अंडी शोधत फिरायचा. डिसेंबर १९०१ मध्ये शांतिनिकेतनात त्यांनी स्वतःची शाळा काढली ती जेमतेम पाच मुलांची. त्यांत रथींद्रनाथही होता. वर्ग झाडाखाली भरत, गाणं, नाटक, बागकाम हे शाळेनंतरचे क्लास नव्हते, शाळेचाच भाग होते. ज्या माळावर अकरा वर्षांच्या रवीने खडे वेचले होते, तोच हा माळ. आणि हाच रथींद्रनाथ १९०६ मध्ये शेतीशास्त्र शिकायला अमेरिकेत इलिनॉयला गेला. म्हणजे घरी शिकलेल्या मुलाला वेळ आल्यावर विद्यापीठातही पाठवायचं, हेही त्यांनी केलं. १९१३ चं नोबेल आणि बाकीचं सगळं आपल्याला ठाऊकच आहे. ७ ऑगस्ट १९४१ रोजी त्याच जोडासाँकोच्या वाड्यात त्यांनी देह ठेवला.

आपल्यासाठी काय?

आपल्याकडे ना वाडा, ना जमीनदारी, ना दारात रांगेने येणारे मास्तर. मूल शाळेत ठेवायचं की घरी शिकवायचं, हे प्रत्येक घराने आपापलं ठरवावं. पण त्या घरातल्या काही गोष्टींना पैसे लागत नाहीत. मूल ताजं असतं ते दोन तास ओळखून तेवढेच अभ्यासाला पक्के करावेत, आणि डुलक्या घेणाऱ्या मुलासमोरचं पुस्तक मिटावं. मूल बाहेर जे करतं त्यातूनच थोडा अभ्यास काढावा. बुद्धिबळाच्या स्पर्धेचा खर्च त्यालाच लिहू द्यावा, सामन्याचा वृत्तांत मराठीत आणि मग इंग्रजीत करून घ्यावा. रोजचं माप ठरलेलं असावं आणि ते झाल्याशिवाय दार उघडू नये. आणि केलेलं काम घराबाहेरच्या एखाद्या जाणत्या माणसाने बघावं.

ही शेवटची गोष्ट एकेकट्या घराला अवघड आहे, पण सोसायटीला सोपी आहे. आपल्या चार मजल्यांत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत हिशेब केलेले काका आहेत, गाणं शिकलेल्या काकू आहेत. महिन्यातून एका रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांनी आपलं काम आणावं आणि या मंडळींनी ते मन लावून बघावं. पुढच्या वर्षीपासून मुलांचं एक छोटं हस्तलिखितही काढता येईल, संपादक अर्थातच सोळा वर्षांच्या आतले. कमिटीने रौप्यमहोत्सवी वर्षात एवढं मनावर घ्यावं ही विनंती.